बाटली ‘ब’

विद्यार्थिनी: फोन ठेवू नका, प्लीज! मी काही विकत नाहीये. तुमची वही सापडलीय, एवढंच सांगायचंय.

कानवाला: कसली वही? बाई, हे श्रवणयंत्रांचं दुकान आहे. यंत्राची पावती हरवली असेल तर तुम्ही तशाच या, मी बघतो.

विद्यार्थिनी: हिरव्या पुठ्ठ्याची वही. आतल्या पानावर लिहिलंय, ‘हरवल्यास या नंबरवर कळवावे, चहा पाजला जाईल.’ खाली हाच नंबर. आणि पहिल्या पानावर माशाच्या पेशीतल्या चॅनलचं चित्र काढलंय, त्याला मिशा आहेत.

कानवाला: …कुठून बोलताय तुम्ही?

विद्यार्थिनी: तुमच्या जुन्या लॅबमधून. मी मॅडमची आत्ताची विद्यार्थिनी. चौथं वर्ष. खिडकीजवळचं टेबल आहे ना, तुमचं, तिथेच बसते. खालचा खण अडकला होता, तो काल ओढून काढला, तर मागे ही वही.

कानवाला: रद्दीत टाका.

विद्यार्थिनी: नाही टाकणार. त्यातल्या अकरा रेकॉर्डिंगच्या नोंदी मी कालपासून तीनदा वाचल्यात.

कानवाला: ती अकरा रेकॉर्डिंग खोटी आहेत असं कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?

विद्यार्थिनी: सांगितलं. आल्याआल्या पहिल्या आठवड्यात सांगितलं. पण मला नाही तसं वाटत. आकडे मनाने लिहिणारा माणूस समासात कशाला लिहील की ‘आज पडदा सात वेळा फाटला, आठव्यांदा मी फाटणार’?

कानवाला: हो, फाटला होता पडदा सात वेळा, पण म्हणून… थांबा हं एक मिनिट. आजोबा, उठू नका! तुमच्या कानाचा पडदा नाही हो, दुसराच एक पडदा. तुमचा ठणठणीत आहे. बसा, साचा सुकेपर्यंत कानाला हात लावू नका. हां, बोला. पण लवकर बोला.

विद्यार्थिनी: सर, एकच प्रश्न आहे.

कानवाला: मी सर नाही. लोक मला कानवाले म्हणतात.

विद्यार्थिनी: मग दादा म्हणू?

कानवाला: विचारा काय ते.

विद्यार्थिनी: प्रत्येक नोंदीपुढे तुम्ही बाटलीचं अक्षर लिहिलंय. कुठे ‘ब’, कुठे ‘न’. अकरा चांगली रेकॉर्डिंग, ती अकराच्या अकरा ‘ब’ची. नंतर ‘न’ची छत्तीस. छत्तीसही वेळा सपाट रेघ. दादा, ‘ब’ म्हणजे काय?

कानवाला: ‘न’ म्हणजे नवीन. शुद्ध चरबी, कंपनीची, सीलबंद. तिचा पडदा करायचा आणि त्यात चॅनल बसवायचा.

विद्यार्थिनी: ते कळलं मला. ‘ब’?

कानवाला: असेल जुनी कुठली तरी बाटली. आठ वर्षं झाली. आठवत नाही.

विद्यार्थिनी: मिशा आठवतात, बाटली आठवत नाही?

कानवाला: मिशांबद्दल मी काही बोललो नाही. तुम्हीच बोललात. हे बघा, तुम्हाला हे कशाला हवंय? चौथं वर्ष आहे ना? प्रबंध लिहा, पदवी घ्या, मोकळ्या व्हा. मढी उकरून काय मिळणारे?

विद्यार्थिनी: माझाही चॅनल मेलाय म्हणून! आज चार वाजता समिती आहे, आणि त्यात ठरणारे की माझं अर्धं काम सोडून द्यायचं. दोन मिनिटं ऐकाल? मी भराभर सांगते.

कानवाला: भराभरच सांगताय मघापासून.

विद्यार्थिनी: बॅक्टेरियाचा, माशाचा, बेडकाचा, उंदराचा, माणसाचा, सगळ्यांचा हा चॅनल शेजारी शेजारी ठेवायचा. पोटॅशियम आतबाहेर सोडणारं पेशीचं दार, हे तुम्हाला सांगायला नको. मग अक्षराला अक्षर जुळवत मागे जायचं आणि त्यांच्या खापरपणजोबाचा अंदाज बांधायचा. तो जीन बनवून घ्यायचा, बॅक्टेरियात वाढवायचा आणि बघायचं की तो पूर्वज कसा चालत होता. मी दोन पूर्वज केले. थोरला फार जुना, प्राणी वगैरे काही नव्हतं तेव्हाचा. धाकटा त्याच्या पुष्कळ नंतरचा. थोरला गुणी आहे. कुठल्याही पडद्यात टाका, टकाटक उघडतो. धाकटा ढिम्म! अडीच वर्षं, दादा. सगळ्या चाचण्या म्हणतात प्रोटीन धडधाकट आहे, नीट घडी पडलेली आहे, कुठे तुटलेलं नाही. आणि पडद्यात घातलं की मौनव्रत.

कानवाला: दोघांत फरक किती?

विद्यार्थिनी: आतल्या भागात जवळजवळ नाहीच. बाहेरच्या अंगाला नऊ अक्षरं. जिथे तो पडद्यातल्या चरबीला चिकटून उभा असतो ना, तिथे. मॅडम म्हणतात, ती नऊ अक्षरं म्हणजे बाहेरून दिलेला रंग, त्याने दार अडत नाही. माझाच अंदाज कुठे तरी चुकला आणि मी एक असा पूर्वज घडवला जो कधी जगलाच नाही.

कानवाला: चरबीकडच्या अंगाला. नऊच्या नऊ?

विद्यार्थिनी: आठ. नववं जरा खाली आहे. दादा, तुम्ही ‘नऊच्या नऊ’ असं विचारलंत म्हणजे तुम्हाला काही तरी आठवतंय.

कानवाला: बलक.

विद्यार्थिनी: काय?

कानवाला: ‘ब’ म्हणजे बलक. अंड्याचा. ऐकताय ना?

विद्यार्थिनी: ऐकतेय.

कानवाला: शुद्ध चरबीची बाटली संपली होती. नवीन यायला दीड महिना लागणार होता. माझा चॅनल बर्फात तयार, तो काय दीड महिना टिकणारे? खाली कॅन्टीनमधून डझनभर अंडी आणली. पांढरं टाकलं, बलक घेतला, क्लोरोफॉर्म घालून हलवला आणि चरबी काढली. जुन्या पुस्तकात कृती होती. बेसिनपाशी उभं राहून केलं सगळं. हात दोन दिवस वास मारत होते.

विद्यार्थिनी: हे वहीत कुठेच नाहीये!

कानवाला: नाहीच आहे. मॅडमच्या लॅबमध्ये कॅन्टीनची अंडी? त्यांनी मलाच उकडलं असतं. मी फक्त ‘ब’ लिहिलं. आणि लेख पाठवताना… लेखात लिहिलं की नेहमीची शुद्ध चरबी वापरली. मला वाटलं, चरबी ती चरबी. भिंत कुठल्या विटांची आहे याच्याशी दाराला काय देणंघेणं?

विद्यार्थिनी: आणि मग नवीन बाटली आली…

कानवाला: नवीन बाटली आली आणि त्या दिवसापासून एकही रेकॉर्डिंग नाही. मॅडमनी स्वतः शेजारी बसून छत्तीस वेळा करून घेतलं. मग सगळ्या लॅबच्या बैठकीत विचारलं, ‘आकडे कुठून आणलेस?’ वीस माणसं बसली होती. लेख मागे घेतला. महिनाभराने मीही निघालो.

विद्यार्थिनी: तुम्ही तेव्हा अंड्यांचं का नाही सांगितलं?

कानवाला: सांगून काय? ज्या पोराने आकडे बनवले त्यानं कृतीबद्दलही खोटंच लिहिलं, असं झालं असतं. एका दगडाखाली हात होता, दुसऱ्याखाली पण घालू? शिवाय खरंच वाटत नव्हतं की त्याने फरक पडेल. शुद्ध मालात चालत नाही आणि घाणेरड्यात चालतो, असं कधी ऐकलंय?

विद्यार्थिनी: दादा, थांबा. कृती नीट सांगा. क्लोरोफॉर्मने चरबी काढली. पुढे?

कानवाला: पुढे ॲसिटोनने धुवायचं असतं. चार वेळा. त्यात इतर तेलकट माल निघून जातो आणि पडद्याला लागते तेवढी चरबी खाली बसते.

विद्यार्थिनी: आणि तुम्ही धुतलंत चार वेळा?

कानवाला: एकदाही नाही. वेळ कुणाला होता? तशीच भरली बाटलीत. पिवळीजर्द होती.

विद्यार्थिनी: दादा! दादा, ॲसिटोनमध्ये काय निघून जातं?

कानवाला: म्हटलं ना, इतर तेलकट… पिवळा रंग, साधं तेल, कोलेस्… अगं बाई.

विद्यार्थिनी: कोलेस्टेरॉल!

कानवाला: कोलेस्टेरॉल. बलकात खच्चून असतं. ते सगळं माझ्या बाटलीत राहिलं.

विद्यार्थिनी: आणि शुद्ध बाटलीत थेंबभरसुद्धा नसतं! अडीच वर्षं मी त्याला अशा घरात ठेवलंय जिथे ते नावालाही नाही! आणि माशाच्या पेशीच्या पडद्यात किती असतं? दोन-तीन रेणूंमागे एक! अहो, ती नऊ अक्षरं रंग नाहीत. तो तिथे कोलेस्टेरॉलला टेकून उभा राहतो!

कानवाला: हळू, हळू. फोन फुटेल. आजोबा, काही नाही, भांडण नाहीये. आनंदात आहे ती. कशाचा? आता कसं सांगू… डॉक्टर तुम्हाला कमी करा म्हणतात ना, ते कोलेस्टेरॉल. रक्तात वाढलं तर वाईटच, ते सोडू नका. पण ते प्रत्येक पेशीच्या पडद्यात असतं, असावंच लागतं. आणि पडद्यात दारं असतात, त्यातल्या एका दाराला ते शेजारी नसेल तर उघडताच येत नाही, असं हिला वाटतंय. नाही, म्हणून अंडी चालू करायची नाहीत! हां, बोल. तुझ्याकडे कोलेस्टेरॉल आहे का लॅबमध्ये?

विद्यार्थिनी: फ्रीजरच्या मागच्या कप्प्यात, कुणाचं तरी. पावडर.

कानवाला: चार भाग चरबीला एक भाग. जास्त घालू नकोस, पडदा कडक होऊन नीट ताणला जात नाही. क्लोरोफॉर्म पूर्ण उडू दे. उरला तर तोच भोकं पाडतो आणि आपल्याला वाटतं चॅनल. आधी नुसता पडदा, चॅनल न घालता. दहा मिनिटं शांत राहिला तरच पुढे जा.

विद्यार्थिनी: तुम्ही मला ‘अगं’ म्हणालात.

कानवाला: म्हणालो असेन. चल, कामाला लाग. आणि…

विद्यार्थिनी: आणि काय?

कानवाला: झालं की फोन कर. नाही झालं तरी कर.

(पाऊण तासाने. पुन्हा फोन.)

विद्यार्थिनी: दादा, नुसता पडदा बारा मिनिटं शांत! आत्ता धाकट्याला सोडलं खालच्या वाटीत. फोन स्पीकरवर ठेवलाय, आवाजाच्या यंत्राशेजारी. प्रवाह वाढला की आवाज चढतो, ते जुनंच यंत्र आहे, तुमच्या वेळचं. ऐकू येतंय?

कानवाला: येतंय. आजोबा गेले, दुकानाचं दार लावून घेतलंय. खर्रर्र येतंय नुसतं.

विद्यार्थिनी: हो, ते नेहमीचंच. आता बघा हं… आला! आला आला! ऐकलंत? चढला एकदम! दादा, उघडला तो!

कानवाला: नाही.

विद्यार्थिनी: नाही काय? रेघ वर गेलीय!

कानवाला: एकसारखी गुणगुण आहे ती. चॅनल गुणगुणत नाही. कुणी तरी जवळच्या बोर्डावर काही तरी लावलंय. बघ, चार्जर असेल.

विद्यार्थिनी: …असेल म्हणजे? इथे तर… अरे देवा. माझाच. फोनचा.

कानवाला: काढ. आठ वर्षं मी दिवसभर हेच करतो. लोक म्हणतात कानात आवाज येतो, मी शोधतो की माणसाचा, यंत्राचा की पंख्याचा.

विद्यार्थिनी: काढला. गेली गुणगुण. रडू येतंय मला.

कानवाला: नंतर रड. खारट पाणी वाटीत पडलं तर प्रयोग बिघडेल. थोडं हलव, अगदी हळू, आणि वाट बघ.

विद्यार्थिनी: बघतेय.

कानवाला: बोलू नकोस.

विद्यार्थिनी: नाही बोलत.

कानवाला: …

विद्यार्थिनी: दादा…

कानवाला: श्श. ऐकतोय मी. टक्. खाली. परत टक्. खाली. हे… हे गुणगुणणं नाही.

विद्यार्थिनी: पायरी आहे! सरळ उभी पायरी! वर, खाली, वर. प्रत्येक वेळी सारख्याच उंचीची. दादा, आता दोन झाले, दुसराही बसला, पायरीवर पायरी चढतेय!

कानवाला: हाच आवाज होता. अगं, अगदी हाच. अकरा वेळा ऐकला मी हा आवाज. मला वाटायला लागलं होतं की मीच…

मॅडम: कसला आवाज आहे हा? जिन्यापर्यंत ऐकू येतोय. आणि तुला आत्ता समितीसाठी आकृत्या तयार करायला सांगितल्या होत्या ना?

विद्यार्थिनी: मॅडम, धाकटा चालतोय! हे बघा! पडद्यात कोलेस्टेरॉल घातलं, चाराला एक, आणि चालला!

मॅडम: मागे सरक. मला बघू दे. हा धाकटा आहे? खात्रीने? नळ्यांची अदलाबदल नाही ना झाली?

विद्यार्थिनी: नाही मॅडम, तुमच्याच अक्षरातली चिठ्ठी आहे नळीवर.

मॅडम: कोलेस्टेरॉलने पडदाच गळत असेल.

कानवाला: गळती अशी पायऱ्या चढत नाही, मॅडम.

मॅडम: …फोनवर कोण आहे?

विद्यार्थिनी: मॅडम, ते…

मॅडम: राहू दे. ओळखला मी आवाज.

कानवाला: मी ठेवतो. ताई, तू तुझं काम कर, छान झालं, मी…

विद्यार्थिनी: नाही! कुणी फोन ठेवायचा नाही! मॅडम, त्यांची अकरा रेकॉर्डिंग खरी होती. पडद्याची चरबी त्यांनी बलकातून काढली होती, न धुता, आणि त्यात कोलेस्टेरॉल राहिलं होतं. नवीन बाटलीत ते नव्हतं. एवढाच फरक होता सगळा.

मॅडम: बलकातून?

कानवाला: कॅन्टीनच्या अंड्यांच्या.

मॅडम: आणि लेखात तू शुद्ध चरबी लिहिलीस.

कानवाला: हो. ते खोटं होतं. तेवढंच.

मॅडम: अजून हे सिद्ध झालेलं नाही. बेरियम कुठे आहे?

विद्यार्थिनी: वरच्या फळीवर. बेरियम घातलं की पोटॅशियमचा चॅनल बंद पडतो. हे टकटकणं थांबलं तर तो चॅनलच, नाही थांबलं तर गळती… मॅडम, आत्ता मी घालायला गेले तर सांडेन.

मॅडम: आण इकडे. मी घालते. किती आहे वाटीत?

विद्यार्थिनी: एक मिली.

कानवाला: पिपेटचं टोक भिंतीला टेकवून सोडा, मॅडम. पडद्यावर धार नको.

मॅडम: मीच शिकवलं होतं तुला ते.

कानवाला: हो.

मॅडम: सोडलं.

विद्यार्थिनी: अजून चालू आहे… अजून… एक बंद. दुसरा… 

कानवाला: थांबला.

विद्यार्थिनी: थांबला. रेघ सपाट. दोन्ही बंद! मॅडम, बंद झाले! चॅनलच होता!

मॅडम: वेळ लिही. बेरियम किती घातलं ते लिही. बाटलीवर पूर्ण नाव लिही, एक अक्षर नको. आता वाटी धू, नवा पडदा घाल, पुन्हा कर. आणि मग त्या माशाच्या चॅनलची शेवटची नळी उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये आहे, ती काढ.

कानवाला: माझा चॅनल अजून ठेवलाय तुम्ही?

मॅडम: मी काही टाकत नाही.

विद्यार्थिनी: मॅडम, आणि थोरला? त्याला कोलेस्टेरॉल लागतच नाही. त्याच्या काळी ते नव्हतंच ना जगात?

मॅडम: ते तयार व्हायला प्राणवायू लागतो. कोलेस्टेरॉलचा एक रेणू करायला पेशीला प्राणवायूचे अकरा रेणू खर्चावे लागतात. हवेत प्राणवायू येण्याआधी कुणाला ते परवडलंच नसतं. म्हणजे थोरला त्या घरातला, जिथे हे नव्हतंच. मग पडद्यात हा नवा शेजारी आला. पडदा घट्ट झाला, जड झाला. चॅनलला त्याच्याशी जमवून घ्यावं लागलं. एकेक अक्षर बदलत गेलं. आणि एकदा जमल्यावर…

कानवाला: मग त्याच्याशिवाय जमेना.

मॅडम: हो. बोट धरून चालायला शिकला, आणि मग बोट सोडवेना. मी ती नऊ अक्षरं रंग म्हणाले होते. रंग नाही तो. तेच तर घडलंय! पोरी, ती एकेक करून मागे फिरव. कुठल्या अक्षरापाशी तो कोलेस्टेरॉल मागायला लागतो ते आपल्याला दिसेल. अक्षरशः दिसेल! वीस वर्षं मी दाराकडे बघत बसले, आणि भिंतीकडे… भिंत म्हणजे आपण बाजारातून आणायची वस्तू, असं धरून चालले.

विद्यार्थिनी: मॅडम, तुम्ही टाळी वाजवलीत.

मॅडम: वाजवली? असेल. जा, नळी काढ. बर्फात ठेव, हातात धरून बसू नकोस.

विद्यार्थिनी: पळाले!

मॅडम: …आहेस का फोनवर?

कानवाला: आहे.

मॅडम: अंड्यांचं तू मला तेव्हाच सांगितलं असतंस तर दोन दिवसांत हे कळलं असतं.

कानवाला: तुम्ही ‘बाटली कुठली’ असं विचारलं असतंत, तर सांगितलं असतं. तुम्ही विचारलंत, ‘आकडे कुठून आणलेस.’ त्याचं एकच उत्तर होतं, ‘यंत्रातून.’ ते मी दिलं, तर तुम्ही ‘नाही’ म्हणून मान हलवलीत.

मॅडम: मला वाटत होतं, मी खऱ्याची बाजू घेतेय.

कानवाला: मला माहीत आहे. म्हणूनच जास्त लागलं.

मॅडम: आज चार वाजता समिती आहे. त्या बैठकीत जी माणसं होती त्यातली तिघं समितीत आहेत. हिच्या कामाबद्दल बोलण्याआधी मी तुझ्याबद्दल बोलणार आहे. पाच मिनिटं, नाव घेऊन. मग त्या मासिकाला पत्र लिहीन. लेख मागे घेतला होता, त्याखाली माझी सही आहे, तेव्हा पत्रावरही माझीच हवी.

कानवाला: पत्रात चरबीचं खोटं मी लिहिलं होतं, तेही घाला.

मॅडम: घालेन. नवा लेख निघेल तेव्हा तुझं नाव त्यात असेल. नको म्हणायचा तुला हक्क आहे. पण एकदम नको म्हणू नकोस.

कानवाला: नाही म्हणत. मॅडम, एक सांगू? चाराला एकच्या खाली उतरून बघा. आठाला एक, सोळाला एक. हळूहळू मंदावतो की एका ठिकाणी एकदम बंद पडतो? एकदम पडला तर शेजारी नुसता नाही, त्याची ठरलेली जागा आहे चॅनलच्या अंगात.

मॅडम: तू हे आत्ता सुचवलंस?

कानवाला: पाऊण तास दुकानात बसून दुसरं काय केलं? तीन ग्राहक परत पाठवले.

विद्यार्थिनी: आणली नळी! मॅडम, यावर दादांच्या अक्षरात लिहिलंय, ‘उघड रे बाबा’!

मॅडम: वाचलंय मी ते. आठ वर्षं फ्रीजर साफ करताना वाचतेय. दे इकडे. आणि तू, दुकान किती वाजता बंद करतोस?

कानवाला: सातला. आज लवकर करेन.

मॅडम: ये. हिला पडदा नीट घालता येत नाही, पाचातले तीन फाटतात.

विद्यार्थिनी: चार फाटतात. मॅडम सांभाळून घेतात. याल ना दादा?

कानवाला: येतो. आधी घरी जाऊन मग येतो.

मॅडम: घरी कोण कोण असतं?

कानवाला: बायको आणि मुलगी. मुलगी पाच वर्षांची. लग्न मी इथून निघाल्यावर झालं.

विद्यार्थिनी: मग वहिनींना आधी फोन करून सांगा ना! आत्ताच!

कानवाला: तेच बघतोय, कसं सांगायचं. तिला मी सांगितलंय की मला त्या कामाचा कंटाळा आला, म्हणून सोडलं. तिला एवढंच माहीत आहे.

विद्यार्थिनी: मग आज काय सांगणार?

कानवाला: चॅनल उघडला, हे नंतर. आधी हे सांगावं लागेल की मला कंटाळा कधीच आला नव्हता.